चढणं येतं हो, पण उतरणं येतं का?

या वेळी पत्रांमध्ये बर्फच बर्फ आहे. तेही ठाणे-नवी मुंबईतून, जिथे जानेवारीत रात्री पंखा बंद केला तर सकाळी शेजाऱ्यांना सांगतो आपण. आल्प्समध्ये गाइडसोबत स्कीवरून एका हटवरून, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या जागेवरून, दुसऱ्या हटवर जायचं, त्याला हट-टू-हट स्की टूरिंग म्हणतात, त्याबद्दल चार जणांनी विचारलंय. एकेक घेते.

प्रश्न : ताई नमस्कार, मी घोडबंदर रोडला राहतो, वय 44. वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय, अलंग-मदन-कुलंग झालंय, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड तीनदा. ऑफिसमधल्या दोघांनी एप्रिलसाठी फ्रान्समधलं शामोनी ते स्वित्झर्लंडमधलं झरमॅट अशी सहा दिवसांची गाइडेड स्की टूर बुक केलीये. मी स्की कधी पायात घातलेली नाही पण ते म्हणतात तू ट्रेकर आहेस, गाइड असतो, होऊन जाईल. पाच महिने आहेत. करू का बुक?

दादा, नका करू. या एप्रिलला तरी नकाच.

नळीची वाट तीनदा केलेल्या माणसाच्या दमाबद्दल मला शंका नाही. चढाई तुम्ही एका सकाळीत शिकाल. स्कीच्या तळाला एक पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात कारण पूर्वी ती खरंच सीलच्या कातड्याची असायची, आता मोहेर किंवा नायलॉनची असते, तिचे केस एकाच दिशेला झोपलेले असतात म्हणून स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बुटाची टाच मोकळी, पाय उचलायचा नाही, नुसता ओढत पुढे ढकलायचा. तासाला तीनशे-चारशे मीटर चढाई, दिवसाला हजारेक मीटर. तुम्हाला जमेल.

मग वर पोचलं की स्किन सोलून काढायची, टाच लॉक करायची आणि खाली. इथे तुमची वीस वर्षं उपयोगाची नाहीत. पाठीवर आठ-दहा किलोची सॅक, पाय आधीच दमलेले, आणि बर्फ कधी पिठासारखा तर कधी वर पापुद्रा आणि खाली पोकळ, दुपारी तर त्याचा नुसता चिखल होतो. लिफ्टशेजारच्या (म्हणजे डोंगरावर वर नेणारी दोरावरची लिफ्ट) दाबून सपाट केलेल्या उतारावर, त्याला पिस्ट म्हणतात, शिकलेलं सगळं तिथे विसरायला होतं.

माझंच सांगते. गुलमर्गला कोर्सच्या चौथ्या दिवशी मला वाटलं आपल्याला आलं, म्हणून सरांच्या मागे पिस्टच्या बाहेर ताज्या बर्फात गेले, तिसऱ्याच वळणाला आडवी. उठायला हात टेकवला तर हात खांद्यापर्यंत आत, खाली जमीनच नाही! एक स्की सुटून बर्फाखाली गेली होती, ती काठीने टोचत टोचत शोधायला वीस मिनिटं गेली, चष्म्याच्या आत बर्फ, आणि सर वर उभे राहून शांतपणे सफरचंद खात होते. हे दिवसातून पंधरा वेळा झालं तर विचार करा, बाकीचे सहा जण थंडीत ताटकळणार, ऊन चढणार आणि उतार धोक्याचा होत जाणार. गाइड काय तुम्हाला कडेवर घेणारे का?

म्हणून कंपनीवाले फॉर्मवर स्कीइंगची लेव्हल विचारतात ते फिटनेससाठी नाही. सुंदर नाही आलं तरी चालेल पण कुठल्याही बर्फात, सॅक घेऊन, न पडता खाली येता आलं पाहिजे, एवढा त्याचा अर्थ.

मग करायचं काय, तर या हिवाळ्यात गुलमर्ग किंवा मनालीच्या सरकारी संस्थेत स्कीचा बेसिक कोर्स, सुट्टी मिळाली तर लगेच पुढचा. पुढच्या वर्षी आल्प्समध्ये एक आठवडा, सकाळी लिफ्टवर सराव आणि मधेमधे एका दिवसाच्या टूर्स. त्यानंतर ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडच्या सीमेवर सिल्व्रेटा आहे तिथली सोपी हट टूर. मग शामोनी-झरमॅट, ज्याला सगळे ओत रूट म्हणतात. तो 1861 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहकांनी पायी केला आणि स्कीवरून पूर्ण व्हायला 1911 उजाडलं, तुम्ही दोन-तीन वर्षं थांबलात तर काही बिघडत नाही. आणि याच वर्षी जायचंच असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जा, शामोनी-झरमॅट पायी करायची वेगळी वाट आहे, हिमनद्या टाळून खिंडीखिंडीतून जाणारी, साधारण दोन आठवड्यांची. ती तुमच्यासारख्याला अगदी फिट्ट.

ठाण्यात बसून तयारी करायची तर एक उलटा उपाय. सगळे टॉवरचे जिने चढतात आणि लिफ्टने खाली येतात. तुम्ही लिफ्टने वर जा आणि सॅकमध्ये पाच लिटरचे दोन पाण्याचे कॅन टाकून जिन्याने उतरा, सावकाश, गुडघा वाकवून, उतरतानाच मांड्यांची खरी परीक्षा असते. आमचा वॉचमन पहिले दोन दिवस विचारत होता मॅडम लिफ्ट बंद पडली का. रविवारी येऊर किंवा मामा-भाचे, तिथेही लक्ष उतारावर. इनलाइन स्केटिंग येत असेल तर सोन्याहून पिवळं.

प्रश्न : आम्ही दोघं वाशीला असतो, मी 51. मिस्टरांच्या नोकरीमुळे पाच वर्षं म्युनिकला होतो, तिथे दोघंही स्की शिकलो, आता मार्चमध्ये सिल्व्रेटाची टूर ठरवलीये. माझे प्रश्न बायकी वाटतील पण आंघोळ, टॉयलेट, झोपायची सोय काय? मी शाकाहारी आहे आणि संकष्टी करते.

बायकी कसले, हेच खरे प्रश्न आहेत, पुरुष फक्त विचारत नाहीत आणि मग पहिल्या रात्री तोंड पाडून बसतात.

हट म्हणजे झोपडी समजू नका. दगडी किंवा लाकडी दोन-तीन मजली इमारत, पन्नास-शंभर माणसं झोपतील अशी, चालवायला एक कुटुंब किंवा चार-पाच जणांची टीम. तुमच्या टूरमधल्या बहुतेक हट जर्मन-ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबच्या असतील, स्विस क्लब तर 1863 चा आहे आणि त्यांच्या एकट्याच्या दीडशेवर हट आहेत. कुठल्याही क्लबची मेंबरशिप काढली तर मुक्कामाला सूट मिळते, आधी हिशोब करून बघा.

आत शिरलं की बूट काढून खाली ठेवायचे, रबरी सपाता घालायच्या, त्या ढीगभर ठेवलेल्या असतात आणि दोन्ही एकाच मापाच्या मिळाल्या तर नशीब. वाळवायच्या खोलीत तीस जणांचे बुटांचे आतले मोजे आणि स्किन टांगलेल्या असतात, त्या वासाचं वर्णन मी करत नाही, पावसाळ्यातली संध्याकाळची लोकल आठवा. झोपायला लांबच लांब फळी, त्यावर शेजारी शेजारी गाद्या, रजई मिळते पण आत घालायची पातळ चादरीची पिशवी आपली न्यावी लागते, ती कंपल्सरी. कानात घालायचे बोळे विसरू नका, दहा देशांचं घोरणं ऐकायला मिळतं.

आंघोळ विसरा. सिल्व्रेटाच्या मोठ्या हटमध्ये पैसे भरून तीन मिनिटांचा गरम शॉवर मिळू शकतो पण उंचावरच्या हटमध्ये हिवाळ्यात नळालाच पाणी नसतं, पिण्याचं पाणी बर्फ वितळवून करतात किंवा बाटली विकत, आणि ती महाग कारण बरंच सामान हेलिकॉप्टरने येतं. ओले वाइप्स न्या आणि वापरलेले परत आणा. काही ठिकाणी टॉयलेट इमारतीच्या बाहेर असतं, रात्री हेडटॉर्च उशाशीच ठेवा.

जेवण साडेसहाच्या सुमारास, सगळ्यांना एकदमच. सूप, मग मुख्य पदार्थ, मग गोड. शाकाहारी मिळतं पण बुकिंगच्या वेळीच सांगायचं, तिथे पोचून सांगितलं तर ब्रेड आणि चीजवर रात्र काढाल. स्विस बाजूला रॉष्टी मिळाली तर ती आपल्या बटाट्याच्या किसाची चुलत बहीण आहे, फक्त बटरमधली, उपासाला मी तरी चालवून घेतली. संकष्टीचा मात्र घोळ आहे, जेवण साडेसहाला असतं, चंद्र नऊ-दहाला उगवणार आणि दहाला दिवे बंद. मी ताट झाकून ठेवायला सांगितलं होतं, काउंटरवरच्या मुलीने कारण विचारलं, सांगितलं, तर तीच दर दहा मिनिटांनी दार उघडून चंद्र आला का बघत होती.

मेतकूट आणि सुकी लसणाची चटणी सॅकमध्ये टाका, खाकरा नको, चुरा होतो. थोडे युरो-फ्रँक रोख ठेवा, वर कार्ड चालेलच असं नाही.

एक गंमत सांगायची राहिली. स्वित्झर्लंडमधली कॉनकॉर्डिया हट 1877 साली बांधली तेव्हा अलेच हिमनदी आताइतकी खाली नव्हती, आता ती इतकी आटलीये की हटवर जायला कातळाला लावलेल्या साडेचारशेहून जास्त लोखंडी पायऱ्या चढाव्या लागतात, तेही दिवसभर स्की करून झाल्यावर.

प्रश्न : मी खारघरहून लिहितेय. माझा मुलगा 27 वर्षांचा, चांगलं स्की करतो, मार्चमध्ये अशाच टूरला चाललाय. मी हिमस्खलनाचे व्हिडिओ बघितले आणि तेव्हापासून झोप नाही. गाइड बरोबर आहे म्हणजे सेफ ना?

काकू, खोटं सांगत नाही. सेफ नाही, गाइडमुळे धोका बराच कमी होतो एवढंच.

हिमस्खलनाचा धोका तिथे 1 ते 5 आकड्यांत सांगतात, स्वित्झर्लंडमध्ये दावोसची संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला आणि सकाळी आठला बुलेटिन काढते. गाइड ते वाचतो, उताराचा कोन बघतो कारण बहुतेक स्खलनं तीस अंशांपेक्षा जास्त उतारावर होतात, आणि पहाटेच सगळ्यांना बाहेर काढतो म्हणजे ऊन बर्फाला लागून तो मऊ पडायच्या आत हट गाठायची. पण माणसं सापडतात त्यातली बहुतेक स्खलनं त्यांच्याच किंवा त्यांच्या ग्रुपच्या वजनाने सुटलेली असतात, म्हणून शिस्त सगळ्यांनाच लागते.

प्रत्येकाच्या छातीला ट्रान्सीव्हर नावाचं यंत्र बांधलेलं असतं, 457 किलोहर्ट्झवर सिग्नल देणारं. कोणी गाडलं गेलं की बाकीचे आपलं यंत्र शोधण्यावर टाकतात, सिग्नलच्या दिशेने जातात, मग लांब दांडीने टोचतात आणि फावड्याने खणतात. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर वाचायची शक्यता खूप, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. हेलिकॉप्टर इतक्यात पोचत नाही, आणि समजा गाइडच गाडला गेला तर? शोधणार कोण, तुमचा मुलगाच. म्हणून त्याला विचारा, यंत्र वापरायची प्रॅक्टिस केलीस का. नसेल तर ट्रान्सीव्हर जमिनीत पुरून, डोळ्यावर पट्टी बांधून शोधायला लावा, तुमच्या खारघरच्या सेंट्रल पार्कच्या कोपऱ्यात जमेल. लोक बघतील, बघू देत.

दुसरं इन्शुरन्स. व्हिसासाठी घेतलेली साधी पॉलिसी पुरत नाही, बऱ्याच पॉलिसींमध्ये पिस्टबाहेरचं स्कीइंग आणि गिर्यारोहण वगळलेलं असतं, बारीक अक्षरं वाचायला लावा. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर बोलावलं की बिल येतं.

आणि त्याला एवढंच सांगा की गाइड परत फिरू म्हणाला तर तोंड वाकडं न करता फिरायचं. आपल्या लोकांचं पैसे वसूल करायचं जे वेड असतं ना, एवढे लाख भरलेत मग शिखर तर पाहिजेच, मला स्खलनापेक्षा त्याची जास्त भीती वाटते.

प्रश्न : ऐरोलीचा आहे, कॉलेज संपलं, यंदा पहिला कोर्स करणार. सामान ऑनलाइन सेलमध्ये घेऊन ठेवू का?

नको रे. स्की, काठ्या, हेल्मेट सगळं भाड्याने मिळतं. पुढे कधी काही घेतलंस तर सगळ्यात आधी बूट, आणि ते दुकानात पायात घालून, कारण भाड्याच्या दुकानाने मला एकदा एक नंबर मोठा बूट दिला होता आणि दुपारपर्यंत टाचेला रुपयाएवढा फोड आला होता. तेव्हा सैल वाटतोय म्हणून मी आत दोन मोजे घातले होते, तो आणखी मोठा मूर्खपणा, मोजा एकच घालायचा आणि तोही पातळ.