प्रश्न तुमचे : ऑस्लोचा दिवस आणि झाडावरचा ऑक्टोपस

प्रश्न : ताई, मी चौथीला शिकवते. ‘देवमाशाबद्दल नेटवरून माहिती मिळवा’ असा उपक्रम दिला, तर अर्ध्या वर्गाने एकाच पानावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून आणला. ‘सस्तन म्हणजे काय रे?’ विचारलं तर सगळे गप्प. एका संगणकापाशी चार मुलं बसतात आणि हातात एकच तास असतो. यात काही धड करता येईल का?

उत्तर : येईल की. आधी ते ‘माहिती मिळवा’ फळ्यावरून पुसा. मुलांनी तुमची सूचना अगदी तंतोतंत पाळली आहे, त्यांना रागावू नका. प्रश्नच असा हवा की त्याचं आयतं उत्तर एकाही पानावर नसेल. बर्नी डॉज यांनी १९९५ मध्ये सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत ‘वेबक्वेस्ट’ची पद्धत मांडली, तिचा गाभा हाच : मुलांचा वेळ शोधाशोधीत घालवायचा नाही, सापडलेल्या माहितीचं काहीतरी करण्यात घालवायचा. म्हणून दुवे शिक्षकाने आधीच निवडून द्यायचे.

माझा आवडता उपक्रम सांगते. चार गट, चार शहरं : ऑस्लो, टोकियो, नैरोबी, सिडनी. २१ जूनला आपल्या शहरात दिवस किती तासांचा असेल, याचा अंदाज प्रत्येक गटाने संगणकाला हात लावण्याआधी कागदावर लिहायचा. ही पायरी वेळ नाही म्हणून गाळू नका. अंदाज लिहून दिलेलं मूल उत्तर बघायला उतावीळ असतं. मग सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा देणारं, तुम्ही ठरवलेलं एकच पान उघडायचं आणि दोन वेळा वहीत टिपायच्या. संगणकाचं काम तिथे संपलं.

खरी गंमत पुढे. ऑस्लोत त्या दिवशी सूर्य साधारण ३:५४ ला उगवतो आणि २२:४४ ला मावळतो. मुलं सरळ २२४४ मधून ३५४ वजा करतात आणि ‘१८ तास ९० मिनिटं’ असं छातीठोकपणे सांगतात. लगेच दुरुस्त करू नका. ‘९० मिनिटं म्हणजे किती तास?’ एवढंच विचारा. दुसराच गट ओरडतो, ‘अहो, मग १९ च्याही पुढे गेलं!’ हातच्याचा तास मोडला की १०० नाही, ६० मिनिटं मिळतात, हे त्या भांडणात जितकं पक्कं होतं तितकं गणिताच्या तासाला होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

नंतर प्रत्येक गटाने २४ चौकटींची कागदी पट्टी घ्यायची, उजेडाचे तास पिवळे, अंधाराचे काळे. पट्ट्या फळ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे एकाखाली एक लावा. ऑस्लो जवळपास १९, टोकियो साडेचौदा, नैरोबी १२ आणि सिडनी जेमतेम १०. ‘सिडनीवर अन्याय का?’ हा प्रश्न तुम्ही विचारायचा नाही, तो मुलांकडूनच येतो. डिसेंबरमध्ये हेच पुन्हा करा : ऑस्लोचा दिवस सहा तासांच्याही आत येतो, सिडनीचा चौदाच्या पुढे जातो आणि नैरोबी ढिम्म हलत नाही. पृथ्वीचा आस कललेला असतो हे वाक्य मग सांगा, आधी नको.

चौघांपैकी एकाच्या हाती माऊस, दुसरा मोठ्याने वाचणार, तिसरा लिहिणार, चौथा पडताळणार. पुढच्या वेळी कामं बदला, नाहीतर माऊस कायम एकाच मुठीत राहतो. पान त्याच सकाळी शाळेच्याच संगणकावर उघडून बघा आणि एक छापील प्रत जवळ ठेवा. नेट नेमकं तपासणीच्या दिवशी रुसतं!

प्रश्न : माझा मुलगा नेटवर दिसलेलं सगळं खरं मानतो. काय करू?

उत्तर : तो एकटा नाही. झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची माहिती देणारं एक थापेबाज पान १९९८ पासून नेटवर आहे, छायाचित्रांसकट. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी ते सातवीच्या मुलांना दाखवलं, तर बहुतेक मुलं फसली. मात्र मुलाला फसवून हसण्यासाठी ते वापरू नका; ‘यात एक गडबड आहे, शोध’ असं आधीच सांगा. ऑक्टोपस श्वास कशाने घेतो? कल्ल्यांनी. मग पाण्याबाहेर फांदीवर त्याचं कसं भागेल? मुलाला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीवर पान घासून बघणं, ही पहिली सवय. ते कोणी लिहिलं आणि तीच गोष्ट दुसरीकडे कुठे आहे का, हे त्यानंतर.

प्रश्न : रोज नवं प्रश्नमंजुषा अ‍ॅप सुचवलं जातं. तिसरीच्या मुलांची खाती उघडावीत का?

उत्तर : नको. बऱ्याच सेवांच्या अटींत वयाची किमान मर्यादा १३ असते. खातं लागतच असेल तर शिक्षकाचं एक, तेही पालकांना कळवून. मुलांची खरी नावं, फोटो, जन्मतारखा काही भरायचं नाही. आणि बरोबर उत्तराला टाळ्या वाजवणारं अ‍ॅप महिन्यातून एखाद्या वेळी ठीक.