हेड उतरवण्याआधी ऑइल कूलर तपासा

एका दादांनी विचारलंय: डिझेल स्विफ्ट, 1.3 इंजिन. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) बाटलीत चॉकलेटी मलई, डिपस्टिकवरचं ऑइल मात्र स्वच्छ, आणि सर्व्हिस सेंटर म्हणतंय हेड पॅकिंग (इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांमधलं पॅकिंग) गेलं. दादा, हेडला हात लावू देऊ नका. मलाही एका सर्व्हिस सेंटरने हेच सांगितलं होतं. हेड उतरलं, बिल भरलं, आठवड्यात मलई परत. दोष ऑइल फिल्टरच्या हाऊसिंगला लागलेल्या ऑइल कूलरचा होता, ज्यात कूलंट ऑइलला थंड करतं. तुमची गाडी मी पाहिलेली नाही, तरी लक्षणं तिकडेच बोट दाखवतात.

इंजिन चालू असताना ऑइलचा दाब सहसा कूलंटपेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे कूलर फुटला की आधी ऑइल पाण्यात जातं, पाणी ऑइलमध्ये नाही. हेड पॅकिंग गेलं असेल तर बहुधा कूलंटमध्ये धुराचा गॅस येतो. बाटलीच्या तोंडावर निळ्या द्रावाची टेस्ट दहा मिनिटांत होते. डिझेलमध्ये रंग हिरवा किंवा पिवळा पडला तरच हेडचं बोलायचं. ही टेस्ट न करता एस्टिमेट देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

इंजिन थंड असताना आधी कूलंट काढा, नाहीतर हाऊसिंग सुटताच पाणी ऑइलच्या वाटेत उतरतं. कूलर सोडवून ऑइलच्या बाजूचं एक तोंड बंद करा, दुसऱ्यातून 3 बार हवा द्या आणि गरम पाण्यात बुडवा. गारच पाहू नका, बारीक चीर कधीकधी तापल्यावरच उघडते. बुडबुडे आले तर कूलर फुटलेला. नसतील तर कूलर आणि हाऊसिंगमधलं पॅकिंग बघा: रबर चपटं, कडक झालेलं असतं.

जोडाची जागा प्लास्टिकच्या पट्टीनेच खरवडा. पॉलिश पेपर नको, सिलिकॉन सीलंट तर मुळीच नको. फिल्टरनंतरची वाट थेट बेअरिंगकडे जाते, तिथे पडलेला कण अडवायला पुढे काही नाही. भोकं स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने झाका.

फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग दरवेळी नवी. जुनी लाकडी काडीने काढा, नवीला ताजं ऑइल लावा आणि जुनी ज्या खाचेत होती त्याच खाचेत बसवा. झाकण 25 न्यूटन-मीटर, बस. लांब दांड्याने आवळलं की षटकोनाखाली केसासारखी चीर पडते, आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला, ऑइल घट्ट व दाब सर्वात जास्त असताना, ती गळते.

ऑइल आणि फिल्टर बदला, साधारण 3.2 लिटर, भरताना डिपस्टिक बघत. कूलंटची लाइन थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व) काढून, फेस न करणाऱ्या डिटर्जंटने, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. एकदा धुऊन भागत नाही. ऑइलने फुगलेले मऊ पाइप बदलाच. मग डिस्टिल्ड पाण्यात निम्मं कूलंट. काढलेला कूलर मात्र गॅरेजमधून मागून घ्या.

स्टार्ट केल्यावर ऑइलचा दिवा पाच सेकंदांत विझला नाही तर लगेच इंजिन बंद करा.