तुमचे प्रश्न : तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी

प्रश्न : मुंबई विद्यापीठातून तत्त्वज्ञानात एम.ए. केलं, ५८ टक्के आहेत. दादरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. आधी नेट द्यावी की थेट पीएच.डी.ला लागावं? ‘अद्वैत वेदान्त आणि आधुनिक जीवन’ हा विषय मनात आहे.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. एम.ए.च्या ५५ टक्क्यांची अट तुम्ही ओलांडली आहेच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांतल्या २०२३च्या दुरुस्तीनंतर साहाय्यक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) पुरते, पीएच.डी. सक्तीची नाही. नेटच्या पहिल्या पेपरात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००. प्रत्येकी २ गुण, वेळ ३ तास. चुकल्यास गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. आपली तत्त्वज्ञानाची मुलं अडतात ती पहिल्या पेपरातल्या तक्ते-आकडेमोडीत. व्याप्ती (हेतू आणि साध्य यांचा अटळ संबंध), हेत्वाभास (सदोष हेतू) हे भारतीय तर्कशास्त्रातले विषय मात्र तिथेही विचारतात. ते गुण घरचेच समजा. नेटच्या गुणांवर पीएच.डी.ला प्रवेश घ्यायचा असेल, तर ते वर्षभरच चालतात.

तासिकांचं नियुक्तिपत्र आणि घेतलेल्या तासांचा दाखला दरवर्षी मागून घ्या. मुलाखतीच्या तोंडावर कार्यालयाचे उंबरे झिजवणं नको.

विषय मात्र बदला. ‘आणि आधुनिक जीवन’ जोडलं की प्रबंधाचं प्रवचन होतं. कुणी खोडू शकेल असं विधानच त्यात उरत नाही. एखादा अडलेला युक्तिवाद धरा. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याच्या सुरुवातीला अध्यासाची, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचे गुणधर्म लादण्याची, चर्चा आहे. आत्मा ज्ञानाचा विषयच नाही, मग त्याच्यावर देहाचे गुणधर्म लादले जातात कसे, हा तिथला आक्षेप. शंकराचार्य दोन उत्तरं देतात : आत्मा ‘मी’ या प्रतीतीचा विषय आहे, आणि आकाश प्रत्यक्ष दिसत नसूनही लोक त्यावर मळकटपणा लादतातच. दोन्ही उत्तरं एकाच ताकदीची आहेत का? पुढे अविद्येचा (मूळ अज्ञानाचा) आश्रय, म्हणजे ती कुणाच्या ठिकाणी राहते ते, ‘भामती’ या भाष्यावरच्या टीकेचे कर्ते जीवाला मानतात, तर ‘विवरण’ या दुसऱ्या टीकाग्रंथाचे कर्ते ब्रह्माला. या मतभेदाची बीजं त्या उत्तरांत सापडतात का? एवढ्यावर प्रबंध उभा राहतो. आराखड्यात पहिल्याच पानावर प्रश्न, कोणते ग्रंथ आणि तुमचं संभाव्य उत्तर येऊ द्या.

पीएच.डी.ला किमान ३ वर्षं लागतात आणि साधारण मर्यादा ६ वर्षांची. संस्कृत कच्चं असेल तर नोंदणीआधीच त्याला लागा. भामती नुसत्या भाषांतरावर वाचलीत, तर परीक्षक तोंडी परीक्षेत नेमकं तेच धरतील.