सतरा वर्षांच्या मेंदूला निर्णय घेता येतो का?

प्रश्न : माझी मुलगी 17 वर्षांची असून जीवशास्त्रात तिला उत्तम गुण मिळतात. मेंदूचाच अभ्यास करायचा असे ती म्हणते, पण त्यासाठी वैद्यकशास्त्राऐवजी अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र घेऊन गणित सोडण्याचा तिचा विचार आहे. मेंदूच शिकायचा तर न्यूरोसर्जन व्हावे, असे आमचे मत आहे. घरात रोज वाद होतो आणि ती रडत उठून जाते. मेंदू 25 व्या वर्षापर्यंत पक्व होत नाही असे शास्त्रच सांगते, त्यामुळे निर्णय आम्ही घेतला आहे. तो तिला कसा पटवून द्यावा? – एक पालक

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा 'त्यामुळे निर्णय आम्ही घेतला आहे' या एकाच वाक्यापाशी अडखळलो. मुलीच्या गुणांची किंवा तिच्या आवडीची मला काळजी वाटली नाही; या वाक्याची वाटली. पूर्वी 'आम्ही चार पावसाळे जास्त पाहिले आहेत' असे म्हणून मुलांना गप्प बसवले जात असे. आपण पावसाळ्यांच्या जागी मेंदूविज्ञान आणून बसवले आहे, आणि अडचण अशी की ते आपल्या बाजूने साक्ष देत नाही.

कपाळामागचा, मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग विशीतही घडत असतो, हे खरे आहे. परंतु 25 ही कोणा एका प्रयोगात सापडलेली सीमारेषा नव्हे. हे बदल सावकाश होतात, माणसागणिक कमीअधिक होतात, आणि त्यांचे जे आलेख आपण पाहतो ते अनेक मेंदूंच्या सरासरीचे असतात. हाच पेच न्यायालयातही उभा राहिला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली रोपर विरुद्ध सिमन्स या खटल्यात, 18 वर्षांखालील वयात केलेल्या गुन्ह्यासाठी मृत्युदंड देता येणार नाही, असा निकाल दिला. किशोरवयीन मुले प्रौढांइतकी परिपक्व नसतात, असे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेने तेथे मांडले होते. याच संस्थेने 1990 च्या एका गर्भपातविषयक खटल्यात मात्र किशोरवयीन मुली असा निर्णय प्रौढांच्या तोडीने घेऊ शकतात, असे सांगितले होते. आणि रोपर खटल्यातील न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात नेमके या विसंगतीवरच बोट ठेवले. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली त्यावर दिलेले उत्तर आपण शांतपणे वाचावे, असे मला वाटते : माहिती हाताशी असताना, सवडीने आणि विचारविनिमय करून घ्यायच्या निर्णयात साधारण सोळाव्या वर्षापासून मुले प्रौढांच्या बरोबरीला येतात, त्यांचा तोल जातो तो भावना तापलेल्या असताना, घाईत किंवा बरोबरीची मुले पाहत असताना. मोटार चालवण्याच्या एका संगणकीय खेळात मित्र शेजारी बसताच किशोरवयीन मुले अधिक धोका पत्करू लागली, प्रौढांच्या बाबतीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडला नाही, असे याच स्टाइनबर्ग यांच्या 2005 च्या प्रयोगात दिसले होते.

अभ्यासक्रमाची निवड हा पहिल्या प्रकारचा निर्णय आहे. रोजच्या वादाने आणि रडण्याने तो दुसऱ्या प्रकारचा होत चालला आहे, आणि ते मुलीच्या मेंदूमुळे घडत नाही. निर्णय कसा पटवावा हे आपण विचारता; त्यात मी मदत करणार नाही.

मेंदू म्हणजे डॉक्टरकी, हे समीकरणही अपुरे आहे. ज्याला न्यूरोसर्जन व्हायचे आहे त्याने वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यावी, तो मार्ग सर्वांना ठाऊक आहे. परंतु अपस्माराच्या उपचारासाठी 1953 साली शस्त्रक्रिया झालेल्या आणि त्यानंतर नव्या आठवणी साठवता न येणाऱ्या हेन्री मोलेसन या रुग्णाची स्मृती तपासली ती ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ महिलेने. आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे काम मोलेसन यांना दिले जाई. हे आपण पूर्वी केले आहे, याची त्यांना दर वेळी काहीच आठवण नसे. हात मात्र दिवसेंदिवस सफाईदार होत गेला. स्मृती ही एकच एक गोष्ट नाही, हे त्या गिरवण्यातून कळले. शस्त्रक्रिया सर्जनने केली होती, तिचा अर्थ मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या संशोधिकेने लावला. अर्थशास्त्राचे 2002 चे नोबेल मिळालेले डॅनियल काहनेमन हेही मानसशास्त्रज्ञच होते, आणि नैतिक पेच सोडवताना मेंदूत काय घडते हे 2001 साली मेंदूची चित्रे घेणाऱ्या स्कॅनरमध्ये पाहणारे जोशुआ ग्रीन तत्त्वज्ञान शिकलेले होते. मुलगी आडवाटेला निघालेली नाही.

आता तिच्या बाजूने एवढे बोलल्यावर तिला न आवडणारेही सांगतो. तिने गणित सोडता कामा नये. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि त्या माणसांच्या मनात कोणती भावना असावी, असे रीतसर विचारले. मेंदूच्या चित्रातील हजारो ठिपक्यांची एकदम तपासणी करताना संख्याशास्त्रात जी दुरुस्ती करावी लागते ती वगळताच, मेलेल्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसली. 2009 साली मांडलेला हा प्रयोग थट्टेचा वाटला, तरी त्यातला इशारा गंभीर होता. जिला संख्याशास्त्र येत नाही तिला या क्षेत्रात दुसऱ्यांनी रंगवलेली चित्रे खरी मानावी लागतात, आणि अर्थशास्त्राचे पुढचे शिक्षणही गणितावाचून अडते. तिला गणित नकोसे झाले आहे की गणिताचा वर्ग, हे आपल्या पत्रावरून कळत नाही. आपण ते विचारले असेल असेही वाटत नाही.

म्हणून पुढचे पत्र तिला लिहू द्यावे, आणि पाठवण्यापूर्वी ते वाचायला मागू नये. गणित का सोडायचे आहे आणि मेंदूविषयीचा कोणता प्रश्न तिला छळतो, एवढ्या दोनच गोष्टी तिने लिहाव्यात. तोपर्यंत एक महिना घरात हा विषय काढू नये. पुढे कोणती महाविद्यालये पाहावीत, याची यादी मी तिच्याशीच बोलून करीन.