‘मी असतो तर हसलो असतो’

“मॅडम, माझा मुलगा दुष्ट आहे का हो?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने विचारलं. शब्द थोडे वेगळे असतील, पण समुपदेशक म्हणून काम करताना ही काळजी घेऊन येणारे आईबाप मला दर महिन्याला भेटतात. कुणी म्हणतं ‘याला कुणाचं काही वाटतच नाही’, कुणी म्हणतं ‘घरात आम्ही असं कधी शिकवलं नाही’, कुणी नुसतंच ‘दगड झालाय’ म्हणून रडतं. मुलं बहुतेक तेरा ते सोळा वयाची. म्हणून ही एक केस जरा सविस्तर सांगते. मुलाच्या घरच्यांनी परवानगी दिली आहे. नावं कुणाचीच घेत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा नववीतला. त्याच्या वर्गात एक मुलगा बोलताना अडखळतो, तोतरेपणा आहे त्याला. वर्गात धडा वाचताना तो एका शब्दावर बराच वेळ अडकला. यानं बाकाखालून ते मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलं, मागे गाणं जोडलं आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत ते शेजारच्या तुकड्यांतही पोचलं. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा शाळेत येईना. शाळेने याच्या आईवडिलांना बोलावून घेतलं आणि लेखी माफी मागायला सांगितली.

आईला खरा धक्का बसला तो नंतर. “पाच मिनिटांत पत्र लिहून टाकलं त्याने. आणि विचारतो, झालं ना? खेळायला जाऊ?”

पहिल्या भेटीत तो माझ्यासमोर बसला तेव्हा वकिलासारखी तयारी करून आला होता. सगळेच हसले, मी एकटा नाही. ग्रुपवर रोज कुणाची ना कुणाची मजा चालते, माझीसुद्धा केलीय. आणि हुकमाचं पान शेवटी: “मॅडम, तो स्वतःपण हसला होता. विचारा कुणालाही.”

मी तेच केलं जे आपण सगळे करतो. म्हटलं, “क्षणभर त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ. तुझं असं रेकॉर्डिंग कुणी केलं असतं तर?”

त्याने खरंच विचार केला. डोळे वर करून, प्रामाणिकपणे. मग म्हणाला, “मी असतो तर हसलो असतो. एवढं काय त्यात?”

खरं सांगते, मला त्याचा राग आला. समुपदेशकालाही येतो. पण तो गेल्यावर विचार करताना लक्षात आलं की पोरगं उद्धटपणे बोललंच नव्हतं. मी सांगितलं तेच त्याने केलं होतं. त्या मुलाच्या जागी त्याने स्वतःला ठेवलं: स्वतःची न अडखळणारी जीभ, स्वतःचे दहा मित्र, कधीही टिंगलीचा कायमचा विषय न झालेला स्वभाव, सगळ्यासकट. अशा मुलाला एका क्लिपने काय होणार? तो हसणारच.

आपल्या जुन्या गोष्टींत परकायाप्रवेश असतो. दुसऱ्याच्या शरीरात शिरणाऱ्याला आधी स्वतःचं शरीर मागे ठेवावं लागतं, हे त्या गोष्टी कधी विसरत नाहीत. आपण मात्र मुलांना ‘त्याच्या जागी तू असतास तर’ असं विचारतो आणि मूल आपलं सगळं बाडबिस्तर घेऊन तिथे जातं. ‘एम्पथी’साठी मराठीत समानुभूती, सहसंवेदना असे शब्द वापरतात. मला त्यातला कुठला बरोबर यापेक्षा ही मागे ठेवण्याची पायरी महत्त्वाची वाटते. त्या दिवसापासून मी तो प्रश्न विचारणं बंद केलं. आता विचारते, “त्याला काय झालं असेल? आणि तुला ते कळणार कसं?” दुसऱ्या भागाला मुलं गडबडतात. त्यांनी तसं गडबडणं मला हवंच असतं.

या वयाबद्दल थोडं सांगायला हवं. डेव्हिड एलकाइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली किशोरवयातल्या ‘काल्पनिक प्रेक्षकां’बद्दल लिहिलं. या वयात मुलाला सतत वाटत असतं की सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत. केस, आवाज, पिंपल, चुकलेलं उत्तर, सगळं जग टिपून घेतंय. मनात चोवीस तास असं रंगमंचावर उभं असलेल्या पोराला समोरच्याकडे बघायला फुरसत कुठून मिळणार? शिवाय मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे परिणाम ओळखून स्वतःला थांबवणारा भाग, विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. भावनांचा जोर मात्र त्याच्या आधीच आलेला असतो. पण ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून द्यायलाही माझी तयारी नसते. एक मुलगा शाळेत यायचा थांबला होता, आणि त्याचंही वय तेच होतं.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकते. मूल मुक्या जनावरांना छळत असेल, कुणाला दुखतंय हे बघून त्याला मजा वाटत असेल, मारहाण, चोरी, खोटं बोलणं हे महिनोन्महिने चालू असेल, तर लेख वाचत बसू नका. बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. या मुलाच्या बाबतीत असं काही नव्हतं.)

दुसऱ्या भेटीत मी क्लिपचा विषयच काढला नाही. विचारलं, “तो अडकतो ना, तेव्हा तुला काय होतं? तुझ्या अंगात, पोटात, हातात?”

हा प्रश्न त्याला अनपेक्षित होता. बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल केलं. मग: “कसंतरीच होतं. पोटात असं आवळतं. वाटतं, बोल ना बाबा पटकन. मला बघवत नाही.”

“मग तू काय करतोस?”

“काहीतरी जोक मारतो. सगळे हसले की सुटल्यासारखं वाटतं.”

आईच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. याला वाटत नव्हतं असं नाही. इतकं वाटत होतं की ते पेलवत नव्हतं. दुसऱ्याची अडचण बघून आपल्याच जिवाची घालमेल होते, आणि मग आपण त्या माणसाकडे वळायचं सोडून घालमेलीतून बाहेर पडायची वाट शोधतो. कुणी नजर फिरवतं, कुणी उपदेश करतं, कुणी विनोद करतं. बाहेरून हे निर्दयपणासारखं दिसतं. माझ्या अनुभवात सहिष्णुतेचा पहिला धडा समोरच्याला सहन करण्याचा नसतोच. त्याच्यासमोर आपल्याला जे होतं, ते सहन करण्याचा असतो.

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. त्यांचा भर अशाच वाक्यांवर होता. ‘मला हे सहनच होत नाही’ हे वाक्य तपासून बघायचं. खरंच होत नाही, की आवडत नाही? आम्ही त्याच्या वहीत लिहिलं: ‘मला अस्वस्थ वाटतं. आवडत नाही. पण पंधरा सेकंद मी थांबू शकतो.’ पंधरा हा आकडा त्याने स्वतः घासाघीस करून ठरवला. मी वीस म्हणत होते.

तिसऱ्या वेळी आईवडील दोघांना बोलावलं. वडील शांत, समंजस गृहस्थ. आई बोलता बोलता एका शब्दासाठी थांबली, वडिलांनी तो पुरवला. पुन्हा थांबली, त्यांनी पुन्हा पुरवला. तिसऱ्यांदा तर त्यांनी अख्खं वाक्यच पूर्ण केलं. मी काही बोलले नाही. मुलगा कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, “बाबा, पंधरा सेकंद.”

वडील आधी चमकले, मग ओशाळून हसले. त्या घरात कुणाला वाईट बोलायची सवय नव्हती, फक्त थांबायची सवय कुणालाच नव्हती. कपाळावर आठी न आणता हे ऐकून घेतल्याबद्दल त्या माणसाचं मला कौतुक वाटलं. पण त्यांचा एक प्रश्न रास्त होता: “मॅडम, सहनशीलता शिकवायची म्हणजे उद्या कुणी काहीही केलं तरी यानं गप्प बसायचं का?”

मुळीच नाही. युनेस्कोने १६ नोव्हेंबर १९९५ रोजी सहिष्णुतेची तत्त्वं मांडणारा जाहीरनामा स्वीकारला. तो दिवस म्हणूनच जगभर सहिष्णुता दिन म्हणून पाळतात. त्या जाहीरनाम्यात हे स्पष्ट लिहिलं आहे की सहिष्णुता म्हणजे दुसऱ्यावर मेहेरबानी नाही, अन्याय चालवून घेणं नाही आणि स्वतःची मतं सोडणंही नाही. मी वडिलांना माझ्या भाषेत सांगितलं की मुकाट सोसणं वेगळं. दुसरा आपल्यासारखा नाही म्हणून त्याची जागा कमी होत नाही, एवढंच त्याला कळायला हवंय. यानं क्लिप काढली तेव्हा त्या ग्रुपवरच्या एकाने ‘हे बरं नाही’ असं लिहिलं असतं, तर मी त्यालाच सहिष्णू म्हटलं असतं.

घरचा अभ्यास एकच दिला. रोज दहा मिनिटं घरातल्या एका माणसाचं बोलणं ऐकायचं, वाक्य तोडायचं नाही, पुरवायचं नाही, आणि ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही असा एक तरी प्रश्न विचारायचा. त्याने आजी निवडली. कारण विचारलं तर म्हणाला, “ती फार हळू बोलते. मग दहा मिनिटं लवकर संपतील.”

पहिल्या दिवशी चार मिनिटांत उठला. दुसऱ्या दिवशी आजीनेच उठवलं, म्हणे तुझे पाय हलताहेत, जा बाबा. हे सगळं तो मला तक्रारीच्या सुरात सांगायचा. मी ऐकून घ्यायचे. पाचव्या की सहाव्या भेटीत मात्र तो आल्या आल्या बोलला नाही.

“आजीला विचारलं, की आम्ही सगळे जेवताना जोक करतो तेव्हा तुला कुठला जास्त आवडतो. तर म्हणाली, मला निम्मं ऐकूच येत नाही. तुम्ही हसलात की मी हसते. म्हणजे कुणी काय झालं विचारत नाही.”

मी गप्प. तोही गप्प. पंधरा सेकंदांहून बराच जास्त वेळ गेला असावा.

“मॅडम, तोपण तसाच हसला असेल का?”

“मला नाही माहीत. तुला माहीत आहे?”

“नाही.” मग थोड्या वेळाने, “विचारावं लागेल.”

आता यावर कुणीही उत्साही मोठा माणूस म्हणेल, चला, दोघांना समोरासमोर बसवू. मला ही घाई पसंत नाही. ज्याला दुखावलं तो मुलगा आपल्या मुलाच्या सुधारणेचं साधन नाही. शाळेच्या समुपदेशकांनी त्याला आणि त्याच्या घरच्यांना विचारलं. तो तेव्हा शाळेत पुन्हा येऊ लागला होता, पण भेटायला नाही म्हणाला. मी हे सांगितल्यावर माझ्याकडे येणारा मुलगा भडकला. “मी सॉरी म्हणायला तयार आहे, आणि त्यालाच भाव खायचाय?”

हा राग मला मोलाचा वाटला. म्हटलं, “सॉरी म्हटल्यावर बरं कुणाला वाटणार आहे?” उत्तर द्यायला त्याने एक अख्खी भेट घेतली.

मधल्या काळात आम्ही तोतरेपणाबद्दल वाचलं. त्याची समजूत होती की भित्री मुलं अडखळतात. प्रौढांमध्ये साधारण शंभरात एक जण अडखळतो. लहानपणी सुमारे पाच टक्के मुलं कधी ना कधी अडखळतात आणि त्यांतल्या बहुतेकांचं ते जातं. मुलग्यांमध्ये प्रमाण जास्त. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. काय बोलायचं ते पक्कं ठाऊक असतं, शब्द बाहेर यायला अडतो. आणि ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ असं सांगून किंवा शब्द पुरवून मदत होत नाही, उलट दडपण वाढतं. चेहऱ्याकडे बघत वाट बघायची, बास. “म्हणजे बाबांसारखं नाही करायचं,” असा निष्कर्ष त्याने काढला. मी तो खोडला नाही.

त्यांच्या वर्गशिक्षिकेला मी एक पद्धत सुचवली होती. १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गांत रोज भांडणं होत होती. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने उपदेश न करता अभ्यासाचीच रचना बदलली. एका धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. बाकीच्यांना तो तुकडा फक्त त्याच्याच तोंडून मिळणार. एका गटात एक मुलगा होता, इंग्रजी त्याची घरची भाषा नव्हती, तो चाचरायचा आणि बाकीचे टर उडवायचे. पण परीक्षा तोंडावर होती आणि त्याची माहिती हवी होती. हळूहळू त्याच पोरांनी त्याला नीट प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि नीट विचारल्यावर तो नीट सांगू लागला. आमच्या शिक्षिकेने इतिहासाचे चार धडे असे घेतले. दोघांना मुद्दाम एका गटात घालू नका, एवढी विनंती मी केली होती.

घालायची वेळ आलीच नाही. त्यानंतर महिना-दीड महिन्याने तो आला, दप्तर खाली ठेवलं आणि म्हणाला, “बोललो आम्ही. तोच आला होता, इतिहासाची वही मागायला.”

“मग?”

“विचारलं त्याला. तेव्हा हसलास ते खरं होतं का.”

“काय म्हणाला?”

“सांगत होता. खूप वेळ लागला त्याला.” टोपण काढघाल सुरू झालं. “पण ते मी तुम्हाला नाही सांगणार. त्याने फक्त मला सांगितलंय.”