कायदा आणि आपण : मद्यपान करून वाहन चालवणे हा ई-चलानचा विषय नव्हे

प्रश्न : माझा 26 वर्षांचा मुलगा 31 डिसेंबरच्या रात्री वांद्र्याहून घरी येत असताना नाकाबंदीत अडवला गेला. यंत्रात फुंकर मारल्यावर 48 हा आकडा आला. पोलिसांनी परवाना आणि मोटार ताब्यात घेतली व न्यायालयात हजर राहण्यास सांगितले. एक परिचित गृहस्थ म्हणतात की लोकअदालत येईपर्यंत थांबा, निम्मी रक्कम भरून प्रकरण मिटेल. तसे करावे का?
– एक वडील, मुलुंड

उत्तर : आपल्या परिचितांचा सल्ला चुकीचा आहे आणि तो ऐकल्यास मुलाचे नुकसान होईल. सिग्नल तोडणे किंवा हेल्मेट न घालणे यांसाठी ई-चलान येते आणि रक्कम भरली की विषय संपतो, कारण कायद्याने ते गुन्हे तडजोडीस पात्र ठरवले आहेत. मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 185, म्हणजे मद्यपान करून वाहन चालवणे, त्या यादीत नाही. त्यामुळे या गुन्ह्याची रक्कम पोलिसांकडे भरता येत नाही, आणि जे गुन्हे तडजोडीस पात्र नाहीत ते निकाली काढण्याचा अधिकार लोकअदालतीलाही नाही. हा रीतसर फौजदारी खटला आहे आणि त्याचा निर्णय दंडाधिकारीच देतील.

रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास गुन्हा होतो. आपल्या मुलाचा आकडा त्याच्या दीडपटीहून अधिक आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या वा त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. 2019 च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या वेळचा दंड जास्तीत जास्त 2,000 रुपये होता. ‘दोन हजार भरले की झाले’ ही समजूत त्या काळातली असून ती अजूनही लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही.

मला अधिक काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. न्यायालयाच्या व्हरांड्यात हातात पैसे घेऊन उभी असलेली तरुण मुले मी अनेकदा पाहते. आपले नाव कधी पुकारतील, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. ती आत जातात, ‘गुन्हा कबूल’ म्हणतात, दंड भरतात आणि सुटल्यासारखी बाहेर येतात. प्रत्यक्षात त्या दोन शब्दांनी त्यांच्यावर दोषसिद्धी नोंदली गेलेली असते. पुन्हा कधी पकडले गेल्यास तीच नोंद त्यांना ‘दुसऱ्या गुन्ह्या’च्या शिक्षेपर्यंत नेते, आणि सरकारी नोकरीच्या अर्जात दोषसिद्धीविषयी विचारले असता ती लपवता येत नाही. शिवाय कलम 20 नुसार, कलम 185 खाली दोषी ठरलेल्या व्यक्तीला किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवण्याचा आदेश न्यायालयाने द्यायचा असतो.

म्हणून तारीख येण्यापूर्वी वकिलांना कागद दाखवा. यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवरील वेळ, आकडा आणि स्वाक्षरी नीट पाहा. अटक झाली असल्यास अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते, अन्यथा व्यक्तीला कोठडीतून सोडावे लागते. तसे झाले होते का, हेही पाहा. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे जामिनाची चिंता नको. कागद निर्दोष असतील आणि मुलगा खरोखरच प्यायलेला असेल, तर कबुली देण्यात गैर काही नाही. मात्र ती परिणाम समजून द्यावी. आपण सोबत जा, पण उत्तर मुलालाच देऊ द्या.

प्रश्न : माझे यजमान दादरच्या फुलबाजारासाठी टेम्पो चालवतात. नात्यातल्या हळदीला रात्री बारापर्यंत पिणे होते आणि पहाटे चारला ते गाडी काढतात. ‘झोप काढली, लिंबूपाणी घेतले, आता काही राहिलेले नाही,’ असे ते म्हणतात. हे खरे का?
– एक वाचक, वरळी

उत्तर : ताई, हे खरे नाही. लिंबूपाणी, कडक चहा किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी तरतरी येते, पण रक्तातले अल्कोहोल कमी होत नाही. ते काम यकृत आपल्या गतीने करते, आणि ही गती सर्वसाधारणपणे तासाला 15 मिलिग्रॅमच्या आसपास असते. मध्यरात्री प्रमाण 120 असेल तर पहाटे चारला ते 60 च्या जवळपास उरते, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. यंत्र फुप्फुसातून आलेली हवा तपासत असल्याने बडीशेप किंवा वेलचीचाही उपयोग होत नाही. फुंकर मारण्यास नकार दिल्यास पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि तो नकार खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जाऊ शकतो.

टेम्पोवर घर चालत असेल तर सहा महिन्यांची अपात्रता ही दंडापेक्षा कितीतरी मोठी शिक्षा आहे. हळदीच्या दुसऱ्या दिवशीची खेप दुसऱ्या चालकाला द्यावी, आणि हे हळदीच्या आधीच ठरवावे. पहाटे चारला, गाडीची किल्ली हातात असताना, ते ठरत नाही.

प्रश्न : मित्राच्या वाढदिवसानंतर त्याला माझी स्कूटर नेऊ दिली. तो प्यायला होता हे मला माहीत होते. काही झाले असते तर मी अडकले असते का?
– एक विद्यार्थिनी, गिरगाव

उत्तर : होय, तशी शक्यता होती. कलम 188 नुसार या गुन्ह्यास साहाय्य करणाऱ्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा होऊ शकते. प्यायलेल्या माणसाच्या शेजारी नुसते बसणे निराळे; तो प्यायला आहे हे ठाऊक असताना आपल्या वाहनाची किल्ली त्याच्या हाती देणे निराळे. विम्याच्या बाबतीतही हात पोळले असते, कारण चालक मद्याच्या अमलाखाली असल्यास वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई पॉलिसीच्या अटींनुसार नाकारली जाते.

आणि कोणी मृत्युमुखी पडले असते, तर प्रश्न कलम 185 पुरता राहिलाच नसता. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून मोटार गेली आणि सात जण मरण पावले. चालक मद्याच्या अमलाखाली होता. हा केवळ निष्काळजीपणा नसून सदोष मनुष्यवध आहे, असे उच्च न्यायालयाने ठरवले आणि तीन वर्षांच्या कैदेची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये कायम केली. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 105 खाली, मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव असताना केलेल्या अशा कृत्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पुढच्या वेळी मित्राला टॅक्सीत बसवून द्या आणि किल्ली आपल्या पर्समध्येच राहू द्या.