बेड-जेवणावर 'व्हॉलंटियर' ठेवलेल्या मुलीचा हात मोडला, आता जबाबदार कोण?

प्रश्न: मॅडम, आम्ही पेडण्याकडचे. माझी मुलगी एकोणीस वर्षांची, बारावी झाल्यावर हरमलच्या एका हॉस्टेलात व्हॉलंटियर म्हणून राहिली. पगार नाही, राहणं-जेवण फुकट, इंग्रजी सुधारेल म्हणून आम्हीच जा म्हटलं. पण काम म्हणजे रोज आठ तास रिसेप्शन, वर खोल्यांच्या चादरी बदलणं, सुट्टी पण विचारूनच. गेल्या महिन्यात ओल्या जिन्यावरून पडली, मनगट मोडलं. आझिलो सरकारी हॉस्पिटलात प्लास्टर घातलं, पुढे प्रायव्हेटमध्ये बराच खर्च झाला. पात्रांव, म्हणजे मालक, म्हणतो ती व्हॉलंटियर होती, तसं सही करून दिलंय, आमचा संबंध नाही. खरंच तिला काहीच हक्क नाही का?
— एक आई, पेडणे तालुका

उत्तर: ताई, त्या सहीच्या कागदाला घाबरू नका. कागदावर काय लिहिलंय एवढ्यावर ठरत नाही, काम प्रत्यक्षात कसं चालायचं ते बघतात. ड्युटीच्या वेळा कोण लावायचं, चुकलं तर कोण बोलायचं, ती नसती तर तिच्या जागी पगारी माणूस ठेवावा लागला असता की नाही. कामावर कंट्रोल कोणाचा हा मुद्दा सुप्रीम कोर्टाने १९५६ सालीच मिठागरातल्या कामगारांच्या केसमध्ये महत्त्वाचा धरला होता.

आता मोरजीला किंवा गालजीबागेला कासवांची अंडी राखायला कोणी रात्रीचं जातं, जमलं नाही तर जात नाही, कोणी जाब विचारत नाही, तो खरा स्वयंसेवक. त्याला किमान वेतन, पीएफ, ग्रॅच्युइटी यातलं काही मागता येत नाही आणि ते बरोबरच आहे. पण हॉस्टेल हा धंदा आहे, गिऱ्हाइकाकडून रोजच्या बेडचे पैसे घेतात, आणि तिथे रोस्टरवर आठ तास राबणारी पोरगी समाजसेवा करतेय असं कोणी सांगितलं तर मला राग येतो, स्पष्टच सांगते. सीझनमध्ये आपल्या किनाऱ्यावर हा प्रकार सर्रास चाललाय.

मालक लेबर ऑफिसात म्हणणार की पगारच ठरला नव्हता तर कामगार कसली. त्याला विचारायचं, मग बेड आणि जेवण कशाबद्दल दिलं? कामाबद्दल दिलं असेल तर तो मोबदलाच झाला. वेतन संहिता २०१९ ची, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात पगाराऐवजी वस्तूरूपात दिलेलं एकूण पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंतच पगारात धरतात, म्हणजे नुसत्या बेड-जेवणावर किमान वेतन भागत नाही. वेतनाचा हक्क सोडला असं कामगाराने लिहून दिलं तरी तो करार त्याच संहितेनुसार रद्द. थकलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांत करता येतो, तेव्हा वेळ आहे. किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारीच, असं सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सांगितलंय.

आणि अंगणवाडी सेविका आठवा, 'मानधन' घेतात म्हणून त्यांना ग्रॅच्युइटी नाही असं सरकार म्हणत होतं, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती द्यायला लावली.

मनगटाचं काय? हॉस्टेलात दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू होतं, मालकाने नाव घातलं नसेल तर ती चूक त्याची, मुलीची नाही. ते नसेल तर कामावरच्या अपघाताची भरपाई, १९२३ च्या कायद्यातली ती तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलीय, मुदत दोन वर्षं. आणि समजा ती व्हॉलंटियरच ठरली तरी मालक पूर्ण सुटत नाही, जिना ओला ठेवून काळजी घेतली नाही म्हणून निष्काळजीपणाचा दिवाणी दावा लावता येतो, असा दावा तिथे पडलेला पाहुणा पण लावू शकतो.

आजच करा हे: व्हॉट्सॲपवरचं रोस्टर, "उद्या सकाळी ये" टाइपचे मेसेज, रिसेप्शनवरचे फोटो, आझिलोचे कागद, बिलं, सगळं जपून ठेवा, मुलीला ग्रुपमधून बाहेर पडू देऊ नका. मग पणजीत पाट्टोला श्रम शक्ती भवनात लेबर कमिशनरकडे लेखी अर्ज. बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १५१०० ला फोन लावा.

प्रश्न: ताई, बार्देशात प्राण्यांच्या एका शेल्टरमध्ये शनिवार-रविवार जाते. तिथला को-ऑर्डिनेटर रात्री घाण मेसेज पाठवतो. ट्रस्टवाले म्हणतात आमची तक्रार कमिटी फक्त स्टाफसाठी.
— कॉलेज विद्यार्थिनी

उत्तर: चुकीचं सांगतायत ते तुला. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या पॉश कायद्यात कर्मचाऱ्याची व्याख्याच अशी आहे की पगार असो नसो, स्वेच्छेने काम करणारी असो, सगळ्या आल्या, आणि कामाच्या जागेत ट्रस्ट आणि एनजीओ पण आले. बाकी कायद्यांत व्हॉलंटियरला भांडावं लागतं, इथे नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार ट्रस्ट चालवणाऱ्या मालकावरच असेल तर जिल्ह्याच्या लोकल कमिटीकडे जायचं. मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट आईला किंवा मैत्रिणीला पाठवून ठेव. शेवटच्या मेसेजपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार दे, अडचण पटली तर कमिटी आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्यावर विसंबून राहू नकोस, बाय.